आपला पराभव मुलांच्या ओटीत घालू नका

(शिक्षक, पालक आणि शाळकरी मुलींसाठी ‘लिफ्टिंग किंग काँग’ हा कोरियन चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मघाशी चित्रपट संपून दिवे लागले तेव्हा मी मागे वळून पाहिले. पुढच्या रांगांतल्या मुली एकीकडे हसत होत्या, एकीकडे ओढणीने डोळे पुसत होत्या. आणि मागे बसलेले शिक्षक मान खाली घालून मोबाइल शोधत होते. मला दोन्हींचा अर्थ कळला. मी ३१ वर्षे शाळेत शिकवले आहे. मनाला काही लागले की आम्ही शिक्षक काहीतरी शोधू लागतो. पूर्वी खडू शोधायचो, हजेरीपट शोधायचो, आता मोबाइल.

मी चित्रपटाची जाणकार नाही, त्यामुळे परीक्षण करणार नाही. हा चित्रपट २००९ सालचा. दिग्दर्शक पार्क गॉन-योंग. प्रशिक्षकाची भूमिका ली बोम-सू या नटाने केली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच मुलींनी ‘वेटलिफ्टिंग फेअरी किम बोक-जू’ ही कोरियन मालिका पाहिली आहे हे मला ठाऊक आहे, कारण माझी नातच मला जेवताना तिच्या गोष्टी सांगते. हा चित्रपट त्या मालिकेच्या सात वर्षे आधीचा. वजन उचलणाऱ्या मुलींचीच गोष्ट, पण यात प्रेमप्रकरण बाजूला आहे आणि मधोमध एक शिक्षक आहे. मला त्या शिक्षकाबद्दल बोलायचे आहे. आणि मग थोडे माझ्याबद्दल.

ली जी-बोंग हा १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधला कांस्यपदक विजेता. सुवर्णासाठी जास्तीचे वजन उचलायला जातो आणि तिथेच जायबंदी होतो. वर हृदयाचे दुखणे निघते. खेळ सुटतो, पैसा नसतो, ओळखणारे कमी होत जातात. शेवटी त्याला दक्षिण जोल्ला प्रांतात बोसाँग नावाच्या ठिकाणी मुलींच्या शाळेत वेटलिफ्टिंगचा प्रशिक्षक म्हणून पाठवतात. हा सगळा भाग शेतीचा, चहाच्या मळ्यांचा. राजधानीपासून लांब. तो तिथे जातो, पण शिकवत नाही. का? तो म्हणतो, या खेळात माणसाच्या हाती उरते काय, तर दुखापत आणि गरिबी.

आता इथे थोडे थांबू या. त्याचे म्हणणे खोटे आहे का? मुळीच नाही. त्याच्या अंगावर त्याचा पुरावा आहे. तो मुलींचे वाईट चिंतत नाही. उलट त्याला वाटते की आपण त्यांना वाचवतो आहोत. म्हणूनच हे फार अवघड दुखणे आहे. आळशी शिक्षक ओळखू येतो, दुष्ट शिक्षक ओळखू येतो. पण स्वतः हरलेला आणि त्या हरण्याला अनुभवाचे शहाणपण समजणारा शिक्षक चटकन ओळखू येत नाही. त्याच्या तोंडी काळजीची भाषा असते.

ही भाषा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ‘एवढं शिकून काय करणार, आपल्या पोरांना नोकरी कोण देतं?’ ‘परीक्षेला बसू नको, मुलाखतीत नाव वाचूनच बाजूला काढतील.’ ‘मुलीच्या जातीला हे खेळ कशाला?’ हे बोलणारे आपले शत्रू नसतात. आपले मामू असतात, खाला असतात, वर्गशिक्षक असतात. त्यांना कधीतरी खरोखर ठेच लागलेली असते. भेदभाव झालेला असतो आणि तो खोटा नसतो. पण आपल्याला लागलेली ठेच आपण मुलाच्या पायाला आधीच बांधून देतो, आणि मग म्हणतो, बघा, हा चालतच नाही.

त्या शाळेतल्या मुली आठवा. यंग-जाचे खांदे विळ्याने गवत कापून कापून घट्ट झालेले. ह्यॉन-जंगला पाव दिसला की राहवत नाही, आणि शाळेतल्या देखण्या मुलावर तिचे मन बसले आहे. सू-ओक अभ्यासात हुशार, तिला हार्वर्डमध्ये कायदा शिकून थेट एफबीआयमध्ये जायचे आहे. यो-सूनची आई आजारी आहे. बो-यंगला कष्टाचे काम उपजतच आवडते. मिन-ही तर खेळाचा पोशाख आवडला म्हणून आली. यांतली एकही ‘देशासाठी पदक आणीन’ म्हणून आलेली नाही. भूक, पोशाख, आईचे औषध, अशी साधी कारणे. मला हे फार खरे वाटले. आमच्या शाळेतही मुली खेळाला यायच्या त्या बहुतेक वेळा खेळासाठी नाही. घरी लवकर गेले तर धुणे पडलेले असते म्हणून यायच्या. कारण कुठलेही असो, दारात आलेल्या मुलीला आत घेणे हे शिक्षकाचे काम.

पहिल्याच स्पर्धेत त्या मुलींची फजिती होते. आपणही हसलो. पण त्या फजितीला जबाबदार कोण? शिकवले नव्हते ना कुणी! मुली मंचावर गेल्या त्या शिक्षकाच्या निष्काळजीपणाचे ओझे घेऊन. तिथे त्याला लाज वाटते आणि तिथून तो शिकवायला लागतो.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

मी गणिताची शिक्षिका. आमच्या शाळेला क्रीडाशिक्षिका नव्हती, म्हणून मुलींच्या खेळाचा तास माझ्या गळ्यात आला. आठवीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. घरी नळ नव्हता. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन ती चढावरून यायची. एकदा मी तिच्या हातात तीन किलोचा गोळा दिला. तिने तो मी आखलेल्या शेवटच्या रेघेच्या पलीकडे टाकला आणि घाबरून माझ्याकडे पाहिले, जणू काही मोडलेच. तालुक्यात ती पहिली आली. आता जिल्ह्याला जायचे होते. एक रात्र मुक्काम.

तिचे अब्बा शाळेत आले. मला वाटले, आता भांडण होणार. ते भांडले नाहीत. व्हरांड्यात चपला काढल्या, आत आले आणि म्हणाले, “बाई, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा, पाठवू का?”

नीट ऐका. त्यांनी नकार दिला नव्हता. ते विचारायला आले होते. आणि मी म्हणाले, “राहू द्या. पुढे जाऊन काय करायचंय?”

मी असे का म्हणाले? त्या वेळी मला वाटले, मी व्यवहाराचे बोलले. उद्या रात्री काही झाले तर जबाबदारी माझी, लोक बोलणार, मुख्याध्यापक विचारणार. हे सगळे होतेच. पण खाली आणखी एक गोष्ट होती, ती मला फार वर्षांनी दिसली. मी स्वतः कॉलेजात लांब उडी मारायचे. बरी मारायचे. लग्न ठरले आणि मला थांबवले गेले. तेव्हा माझ्या बाजूने कुणी एक शब्द बोलले नाही. मग मी मनाची समजूत घातली की त्यात काही अर्थच नव्हता. अर्थ नव्हता असे एकदा ठरवले की मग दुसऱ्या मुलीच्या गोळाफेकीत तरी अर्थ कसा दिसणार? मी माझा पराभव तिच्या ओटीत घातला आणि वर त्याला सल्ला म्हटले.

पुढच्या वर्षी तिने शाळा सोडली. ती खेळात पुढे गेली असती की नाही, मला माहीत नाही. पण तिच्या अब्बांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले होते, एवढे मला माहीत आहे.

चित्रपटाकडे परत येते. जी-बोंग शिकवायला लागतो तेव्हा हातात काय असते? बांबूच्या काठ्या. मोकळी जमीन. काही जणांना वाटले असेल की हा गरिबीचा विनोद आहे. पण या खेळात नवशिक्याच्या हातात आधी हलकी काठीच देतात, कारण आधी हालचाल शिकायची असते, वजन नंतर. मी या निमित्ताने थोडे वाचले. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका झपाट्यात डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत, मग वर. प्रत्येकाचे तीन प्रयत्न. स्त्रियांसाठी नुसत्या बारचेच वजन १५ किलो. आणि गंमत अशी की बार फक्त ताकदीने वर ओढून भागत नाही. तो थोडा वर आला की खेळाडूला झटकन खाली बसून त्याच्या खाली शिरावे लागते, आणि मग त्याच्यासकट उठावे लागते. जी-बोंग मुलींसाठी नेमके हेच करतो. ज्यांना जायला जागा नाही त्यांच्यासाठी राहण्याची सोय उभी करतो, त्यांच्या जेवणाखाण्याचे बघतो. घरची ओझी कमी केल्याशिवाय मुलगी लोखंड उचलणार नाही, हे त्याला कळते.

मग दुसरा प्रशिक्षक येतो, हायस्कूलचा. त्याला पदके हवी आहेत, स्वतःच्या नावासाठी. तो मुलींना मारतो. तुम्ही सगळे त्या प्रसंगात एकदम गप्प झालात. मला वाटते ते दोन शिक्षक शेजारी शेजारी ठेवण्यासाठीच हा चित्रपट केला आहे. दोघेही मुलींना जिंकायला लावतात. एकाला मुली हव्यात आणि पदक आले तर आनंद. दुसऱ्याला पदक हवे आहे आणि मुली ही त्याची साधने.

हे नुसते नाट्य नाही. दक्षिण कोरियाची खेळातली प्रगती आपण कौतुकाने पाहतो, आणि ती आहेच कौतुकाची. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जांग मी-रान हिने सर्वांत वरच्या वजनगटात ३२६ किलोंचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले, आणि २०२३ मध्ये तीच बाई आपल्या देशाच्या संस्कृती-क्रीडा मंत्रालयात उपमंत्री झाली. पण त्याच देशात २०२० मध्ये चोई सुक-ह्यॉन या २२ वर्षांच्या ट्रायथलॉनपटूने संघातल्या मारहाणीला आणि छळाला कंटाळून जीव दिला. तिने आधी तक्रारी केल्या होत्या. वेळेवर कुणी ऐकले नाही. नंतर प्रशिक्षकाला शिक्षा झाली, कायद्यात बदल झाले. मुलगी परत आली नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. तरीही ‘छडी लागे छमछम’ म्हणत हसणारे शिक्षक आणि ‘मारा साहेब, हाडं आमची, चामडी तुमची’ म्हणणारे पालक दोन्ही या सभागृहात बसले असतील. कृपा करून हे म्हणणे सोडा. मारून मूल उठते, पण ते आपल्यापासून लांब जाण्यासाठी उठते.

आता चित्रपटातल्या मला न पटलेल्या दोन गोष्टी.

पहिली, मुलींच्या जाडीवर, खाण्यावर केलेले विनोद. काही विनोद मायेचे आहेत, काही नाहीत. इथल्या मुलींना मी सांगते, तुमचे दंड, तुमचे खांदे यांवर कुणी हसले तर तो विनोद त्यांच्याजवळच राहू द्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शिक्षक शेवटी मरतो. मुली पाठीवर त्याचे नाव लिहून स्पर्धेत उतरतात आणि आपण सगळे रडतो. ही गोष्ट पूर्ण कल्पनेतली नाही. उत्तर जोल्ला प्रांतातल्या सुनचांग या ग्रामीण भागातल्या एका शिक्षकावरून ती सुचली आहे. तिकडच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि एकूण वजन अशा तिन्हींसाठी वेगळी पदके असतात. सन २००० मध्ये त्या शिक्षकाच्या हायस्कूलच्या मुलींनी १४ सुवर्ण आणि १ रौप्य आणले. त्यानंतर थोड्याच काळात ते शिक्षक गेले. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण मला शिक्षकांनी असे मरायला नको आहे. एका माणसाने पगार घालायचा, घर सोडायचे, छातीत दुखत असताना मुलींसाठी धावायचे, आणि तो गेला की आपण टाळ्या वाजवायच्या, यात शाळा कुठे आहे? संस्था कुठे आहे? पालक कुठे आहेत? आपल्या समाजालाही असे एखाद्या माणसाचे बलिदान फार आवडते. एक सर सगळे करतात आणि बाकीचे त्यांच्या नावाने सत्कार करतात. त्यापेक्षा दहा जणांनी आठवड्यातला एकेक तास द्यावा. कुणी मुलींना स्पर्धेला सोडायला जावे, कुणी बुटांचे पैसे द्यावेत, कुणी आईला समजवावे. म्हणजे सर जिवंत राहतील.

इथे मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘खेळाच्या पोशाखाचे काय?’ चांगला प्रश्न आहे, टाळत नाही. वेटलिफ्टिंगमध्ये कोपर आणि गुडघा पूर्ण सरळ झाले की नाही हे पंचांना दिसावे लागते, म्हणून पूर्वी ते झाकायला परवानगी नव्हती. कुलसूम अब्दुल्ला या अमेरिकन खेळाडूने हा विषय लावून धरला. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलला आणि अंगाला घट्ट बसणारा पूर्ण पोशाख चालेल असे ठरले. पाचच वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तच्या सारा अहमद हिने डोक्याला हिजाब बांधून ६९ किलो गटात कांस्यपदक घेतले. म्हणजे जिला झाकून खेळायचे तिला वाट आहे, जिला तसे नको तिलाही वाट आहे. ते त्या मुलीला ठरवू द्या. माझा अनुभव असा की पोशाखाचा प्रश्न पुष्कळदा मुलगी मैदानावर पोचण्याआधीच विचारला जातो, म्हणजे मग ती पोचतच नाही.

आणि हे सगळे कोरियातच घडते असे समजू नका. आपल्या सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पानपट्टी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात तो सुवर्णासाठी उतरला आणि क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावले. एका किलोने सुवर्ण गेले, रौप्य मिळाले. जी-बोंगचीच वेळ त्याच्यावर आली. त्याच घरातली त्याची बहीण काजोल त्याच्या थोडे आधी खेलो इंडिया स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण घेऊन आली होती. त्या पानपट्टीवाल्या वडिलांनी ‘काय करायचंय’ म्हटले असते तर?

जी-बोंग मुलींना जे सांगतो त्याचा मथितार्थ एवढाच की कांस्यपदक मिळाले म्हणून आयुष्य कांस्य होत नाही. हे त्याला स्वतःलाच आधी कळलेले नसते. मुलींना शिकवता शिकवता ते त्याला कळते. लोक म्हणतात, मुलींनी सुवर्ण आणले आणि त्याचा उद्धार झाला. मला तसे वाटत नाही. ज्या दिवशी त्याने आपली जखम मुलींना दाखवून घाबरवणे सोडले, त्याच दिवशी तो सुटला. पदके पुष्कळ नंतर आली.

आता माझ्या गोष्टीचा शेवट सांगून थांबते.

ती गोळाफेकवाली मुलगी बावीस वर्षांनी शाळेत आली, स्वतःच्या मुलीचे नाव घालायला. मला वाटले होते, ओळखणार नाही. तिने ओळखले. चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. जाताना सहज म्हणाली, “बाई, तो गोळा अजून आहे का हो?”

होता. स्टाफरूमचे दार वाऱ्याने आपटते म्हणून ते अडवायला ठेवला होता. रोज मी त्याला ओलांडून जात होते.

तिने तो उचलला, मानेजवळ धरून पाहिला आणि हसली. मी तिच्या मुलीसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या बाई. हिला शिकवा.”

निवृत्तीला चार वर्षे उरली होती. त्या चार वर्षांत मी ११ मुलींना जिल्ह्याला घेऊन गेले, स्वतः बरोबर मुक्काम करून. प्रत्येकीच्या घरी जाऊन आईशी, दादीशी बोलले. तीन घरांत नाही म्हणाले, तिथे पुन्हा गेले. एकही पदक आले नाही. मी काही जी-बोंग नाही. पण ११ मुलींनी एस.टी.च्या खिडकीतून आपला तालुका मागे जाताना पाहिला. परतीच्या वाटेवर त्या गाणी म्हणत होत्या, आणि मला खिडकीजवळची जागा दिली होती.

शिक्षकांनो, उद्या शाळेत गेलात की तुमच्या दाराला काय अडवून ठेवले आहे ते एकदा बघा. पालकांनो, तुम्ही विचारायला या, आणि उत्तर ‘राहू द्या’ असे मिळाले तर दुसऱ्या शिक्षकाला विचारा. आणि मुलींनो, तुम्हाला कुणी काळजीच्या सुरात ‘काय करायचंय’ म्हटले, तर त्यांच्यावर रागावू नका. फक्त त्यांना विचारा, “तुम्हाला कुणी थांबवलं होतं?”